पिकांची कुळे ओळखा : वनस्पतींच्या वर्गीकरणाचा शेतीतील उपयोग

वांग्याचे पीक मर रोगाने गेले, म्हणून पुढील हंगामात त्याच वाफ्यात टोमॅटो लावला; तोही फुलावर येताच उभ्याने सुकला. असा अनुभव कोकणात व घाटमाथ्यालगतच्या भागात अनेक बागायतदारांनी घेतला आहे. पीक बदलले, म्हणजे फेरपालट झाली, अशी त्यांची समजूत होती. वस्तुतः फेरपालट मुळी झालीच नव्हती. वांगे व टोमॅटो ही नावाने व रूपाने निराळी दिसणारी पिके एकाच कुळातील सख्खी भावंडे होत, आणि जमिनीत दबा धरून बसलेल्या रोगजंतूला ह्या नात्याची खूण अचूक पटते. शेतकऱ्याला ती पटली नाही, तर त्याची किंमत त्याला एका हंगामाच्या कष्टाने मोजावी लागते. सबब वनस्पतींची कुळे कशी ठरतात व ती शेतात कशी ओळखावीत, ह्याची माहिती ह्या लेखात देण्याचे योजिले आहे.

वर्गीकरणाची पूर्वपीठिका

वनस्पतींचे गट पाडण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. चरकसंहितेत वनस्पतींचे चार प्रकार सांगितले आहेत. फूल न दिसता फळ येते ती वनस्पती, फूल येऊन मग फळ येते तो वानस्पत्य, फळ पिकताच जिचे आयुष्य संपते ती ओषधी, आणि जी पसरत अथवा चढत जाते ती वीरुध. ह्या व्याख्येप्रमाणे ज्वारी, बाजरी, हरभरा ही आपली सर्व हंगामी पिके ओषधी ठरतात. वड, पिंपळ व उंबर हे पहिल्या प्रकारात मोडत. उंबराचे फूल कोणी पाहिले नाही असे लोक म्हणतात. परंतु कच्चे उंबर मधोमध चिरून पाहिले असता आतील पोकळीत शेकडो बारीक फुले दाटीने बसलेली दिसतात. फूल नसते असे नव्हे, ते झाकलेले असते.

यूरोपात स्वीडनचे शास्त्रज्ञ कार्ल लिनियस ह्यांनी १७५३ साली प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धत रूढ केली. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. आपल्याकडील आडनाव व नाव ह्यांसारखीच ही व्यवस्था आहे, फक्त येथे आडनाव आधी येते. वांगे ते सोलॅनम मेलोंजेना आणि बटाटा तो सोलॅनम ट्यूबरोझम; आडनाव एक असल्याने दोघांचा जवळचा संबंध नावावरूनच कळतो. अनेक प्रजाती मिळून एक कुल होते. शेतकरी ज्याला वाण म्हणतो, तो जातीच्याही आतला भाग होय. वाण बदलल्याने कुल बदलत नाही, हे येथेच लक्षात ठेवावे.

लिनियस ह्यांनी टोमॅटोलाही सोलॅनम ह्याच प्रजातीत घातले होते. पुढच्याच वर्षी, १७५४ मध्ये, दुसऱ्या एका शास्त्रज्ञाने त्याला वेगळे काढले आणि दोनशे वर्षांहून अधिक काळ पाठ्यपुस्तकांत तो वेगळाच राहिला. अलीकडे पेशींतील आनुवंशिक द्रव्य तपासून नाती ठरवू लागल्यावर टोमॅटो पुन्हा मूळ घरी परतला आहे. बेंथॅम व हूकर ह्यांनी १८६२ ते १८८३ ह्या काळात मांडलेली पद्धती आपल्या महाविद्यालयांतून पिढ्यानपिढ्या शिकविली गेली, आणि थिओडोर कुक ह्यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर १९०१ ते १९०८ ह्या काळात प्रसिद्ध केलेला ग्रंथ आजही अभ्यासक चाळतात. १९९८ पासून मात्र आनुवंशिक द्रव्यावर आधारलेली नवी मांडणी सर्वत्र मान्यता पावत गेली आहे. तिने बरीच जुनी कुळे तशीच राखली आणि काही मोडली. शेतकऱ्याने ह्या वादात शिरण्याचे कारण नाही.

नावाने फसू नये

बोलीतील नावे सोयीची असतात, पण नात्याचा पुरावा म्हणून ती कुचकामी होत. १९५५ च्या सुमारास पुणे येथे प्रथम नजरेस आलेले व नंतर देशभर पसरलेले गाजरगवत हे त्याचे ठळक उदाहरण आहे. ते गाजराच्या कुळातील नाही व गवतही नाही. पाने गाजरासारखी दिसतात एवढ्यावरून त्याला हे नाव पडले. ते सूर्यफूल व झेंडू ह्यांच्या कुळातील आहे. गवत समजून त्यावर केवळ गवतवर्गीय तणांना मारणारे औषध फवारले, तर पैसे वाया जातात.

पिवळा धोतरा ह्याची कथा अधिक गंभीर आहे. खरा धोतरा वांग्याच्या कुळातील. पिवळा धोतरा अफूच्या कुळातील. काटेरी पाने, पिवळे फूल आणि देठ मोडताच निघणारा पिवळा चीक ही त्याची खूण. त्याचे बी काळसर, गोल व मोहरीएवढे असल्याने मोहरीत सहज मिसळून जाते आणि तेलात उतरल्यास खाणाऱ्याच्या अंगावर सूज येऊन हृदय दुबळे होते. १९९८ मध्ये दिल्लीत अशा भेसळीच्या तेलाने मोठी साथ उद्भवली व अनेकांचे प्राण गेले. ज्यांच्या मोहरीच्या पिकात हे तण असेल त्यांनी ते बोंडे धरण्यापूर्वीच उपटावे; मळणीनंतर बी निवडणे जवळजवळ अशक्य असते.

वनस्पतिसृष्टीच्या पायऱ्या

पाण्यातील शैवले, ओलसर भिंतीवरील शेवाळी, नेचे, उघड्या बियांची प्रकटबीज झाडे आणि फळात बी झाकणारी आवृतबीज झाडे, असा वनस्पतींचा चढता क्रम सांगतात. पहिल्या गटांशी आपला संबंध थोडा येतो. भातखाचरात नत्र पुरविणारे ॲझोला हे पाण्यावर तरंगणारे एक नेचे आहे. नत्र मात्र ते स्वतः बांधीत नाही, त्याच्या पानांच्या पोकळीत राहणारे सूक्ष्म नीलहरित जीव बांधतात. चीड व देवदार हे प्रकटबीज वृक्ष हिमालयातले. कोकणच्या किनाऱ्यावरील सुरू चिडासारखा दिसत असला तरी तो त्या गटातला नाही. तो खरा सपुष्प वृक्ष असून सुईसारखी दिसणारी त्याची पाने म्हणजे हिरव्या बारीक फांद्या होत. त्या कांड्यांवर दात्यांसारखी चिमुकली खरी पाने असतात, ती भिंगातून दिसतात.

जुन्या पुस्तकांत बुरशीची गणना वनस्पतींत केलेली आढळेल. ती आता केली जात नाही. बुरशीची सृष्टी स्वतंत्र मानतात. हा भेद द्राक्ष बागायतदाराच्या कामाचा आहे. द्राक्षावरील भुरी ही खऱ्या बुरशीमुळे होते. केवडा, ज्याला बागायतदार डाऊनी म्हणतात, तो बुरशीसारख्या दिसणाऱ्या परंतु मुळात शैवलांच्या जवळच्या निराळ्याच जीवामुळे होतो. म्हणूनच केवड्यावर गुणकारी असलेले मेटॅलॅक्झिल भुरीवर काहीही काम करीत नाही, आणि भुरी आटोक्यात ठेवणारे गंधक केवड्याला दाद देत नाही. पानाच्या वरच्या बाजूस राखेसारखा थर असेल तर भुरी. वर तेलकट पिवळा डाग व त्याच जागी खाली पांढरी लव असेल तर केवडा. दोन्ही रोगांस 'बुरशी' म्हणून एकच औषध मागणारा बागायतदार दुकानदाराच्या मर्जीवर जातो.

एकदल व द्विदल

पृथ्वीवर सपुष्प वनस्पतींच्या सुमारे तीन लाख जाती आहेत. त्यांतील बहुतेक सर्व पिके एकदल व द्विदल ह्या दोन विभागांत बसतात. भिजविलेला हरभरा बोटाने दाबताच त्याच्या दोन डाळी सुटतात. ज्वारीच्या वा मक्याच्या दाण्याच्या तशा सुटत नाहीत. एवढा प्रयोग घरातील मुलेही करू शकतील. शेतात पाहावयाचे तर एकदलाच्या पानातील शिरा एकमेकींना समांतर धावतात, मुळे झुपक्याने असतात, फुलांचे भाग तिनाच्या पटीत असतात. द्विदलाच्या पानात शिरांचे जाळे असते, सोटमूळ असते आणि फुलांचे भाग बहुधा चार अथवा पाच असतात. एखादे लक्षण चुकते. अळू एकदल असूनही त्याच्या पानात जाळे दिसते. दोन-तीन लक्षणे जुळली तरच निर्णय करावा.

ह्या भेदाचा पहिला उपयोग तणनाशकात होतो. २,४-डी हे औषध ज्वारी, गहू, मका, ऊस अशा गवतवर्गीय पिकांत रुंद पानांच्या तणांसाठी वापरतात. पीक वाचते, कारण गवतवर्गीय रोपे हे द्रव्य शरीरात लवकर निकामी करतात आणि त्यांचा वाढीचा कोंब पर्णावरणांच्या आत झाकलेला असतो. पण हेच औषध द्विदलांना अल्प मात्रेतही घातक ठरते. शेजारच्या ज्वारीवर वाऱ्याच्या वेळी केलेल्या फवाऱ्याने कपाशीची पाने भेंडीच्या पानांसारखी चिरफळल्याची व द्राक्षाची पाने पंख्यासारखी आवळल्याची उदाहरणे वारंवार घडतात, आणि बांधावरचे भांडण त्यातून वर्षानुवर्षे चालते. वारा पडल्याशिवाय हे औषध फवारू नये, कपाशी, टोमॅटो वा द्राक्षबाग लगत असेल तर मुळीच फवारू नये, आणि त्यासाठी पंप निराळा ठेवावा. नुसता पाण्याने विसळलेला पंप पुढे कपाशीवर वापरणे धोक्याचे आहे.

येथे लव्हाळ्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. हरळी हे खरे गवत. लव्हाळा एकदल असला तरी गवत नव्हे. त्याची दांडी बोटांत धरून फिरवून पाहावी, तिला तीन धारा लागतात; गवताची काडी गोल असते व तिला पेरे असतात. सोयाबीनमध्ये गवतवर्गीय तणांसाठी क्विझॅलोफॉप फवारले असता हरळी मरगळते आणि लव्हाळा मात्र जोमाने उभा राहतो. औषध बनावट होते, अशी तक्रार मग होते. कधी ते बनावट असतेही. पण बहुतेक वेळा तण ओळखण्यात चूक झालेली असते.

उगवणीची रीतही पाहण्यासारखी आहे. सोयाबीन, मूग व कपाशी ह्यांच्या डाळी अंकुराबरोबर जमिनीच्या वर येतात. पेरणीनंतर पाऊस पडून खपली धरली, तर वर येताना ह्या रोपांच्या माना मोडतात. म्हणून सोयाबीन ३ ते ४ सेंटिमीटरपेक्षा खोल पेरू नये. हरभरा व तूर ह्यांच्या डाळी जमिनीतच राहतात व केवळ कोंब वर येतो. असा कोंब किड्याने कुरतडला तरी खालच्या डोळ्यातून पुन्हा फूट येऊ शकते. सोयाबीनचे रोप डाळींखाली तुटले तर संपले.

गवत कुल व टारफुला

ज्वारी, बाजरी, भात, गहू, मका, नाचणी, ऊस व बांबू हे सर्व एकाच कुळातले. चरलेले वा कापलेले गवत पुन्हा वाढते, त्याचे कारण पानाची वाढ टोकाकडून न होता बुडाकडून होते. उसाचा खोडवाही बुडख्यावरील डोळ्यांच्याच बळावर येतो. ह्या कुळाचा छुपा शत्रू टारफुला होय. ज्वारीच्या मुळाला चिकटून तिचा रस शोषणारे, लहान पांढऱ्या फुलांचे हे रोप जमिनीवर दिसू लागते तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते. त्याचे बी धुळीसारखे सूक्ष्म असून जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहते आणि यजमान मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्याचा स्पर्श झाल्याशिवाय रुजत नाही. ज्वारी सोडून बाजरी वा मका घेतला तर टारफुल्याचे काहीच बिघडत नाही, कारण कुल तेच. उलट कपाशी, भुईमूग किंवा तूर घेतल्यास त्यांच्या मुळांतील द्रव्यामुळे बी रुजते, परंतु चिकटावयास योग्य मूळ न मिळाल्याने रोप उपाशी मरते. शत्रूला आमंत्रण देऊन जेवण न देण्याचा हा उपाय स्वस्त आहे. मात्र तो लागोपाठ काही वर्षे करावा लागतो.

तंबाखू, टोमॅटो व वांगी ह्यांच्या मुळांवर वाढणारा बंबाखूही असाच परोपजीवी असतो. टारफुल्याची पाने हिरवी, बंबाखूला हिरवा रंग मुळीच नाही. म्हणून पूर्वी ही दोन तणे भिन्न कुळांत घालीत. आता ती एकाच कुळात गणली जातात.

शिंबावंत कुल

ह्या कुळातील फुलाची ठेवण फुलपाखरासारखी असते. वर एक मोठी पाकळी, तिला ध्वज म्हणतात. दोन बाजूंस दोन पंख. आणि खाली जोडलेल्या दोन पाकळ्यांची नौका. पुंकेसर व स्त्रीकेसर नौकेत झाकलेले असल्याने मूग, हरभरा व सोयाबीन ह्यांत परागण आपल्याच फुलात होते आणि शेतकऱ्याला घरचे बियाणे शुद्ध राखता येते. तुरीवर मधमाश्या फार येतात व त्या परागांची देवाणघेवाण करतात. म्हणून तुरीचा वाण शुद्ध ठेवावयाचा तर दुसऱ्या वाणापासून अंतर राखले पाहिजे.

मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र बांधतात, हे आता सर्वांना ठाऊक आहे. तथापि ह्याही बाबतीत नात्याचे नियम कडक आहेत. तूर, मूग, उडीद, चवळी व भुईमूग ह्यांचे जिवाणू एकमेकांना चालतात. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा, सोयाबीनचा त्याहून वेगळा. तुरीचे रायझोबियम पाकीट सोयाबीनला लावून उपयोग होत नाही. पाकिटावर पिकाचे नाव व मुदत पाहून, १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम ह्या प्रमाणात, सावलीत बीजप्रक्रिया करावी. फुलोऱ्याच्या सुमारास एक रोप काळजीपूर्वक खणून गाठ नखाने फोडावी. आतून गुलाबी असेल तर ती काम करीत आहे. पांढरी वा हिरवट असेल तर नाही. कुळातील सर्वच झाडे नत्र बांधतात असेही नव्हे. चिंच, बहावा व टाकळा ह्याच कुळातले, पण त्यांच्या मुळांवर गाठी येत नाहीत. ताग व धैंचा ह्यांच्या मुळांवर भरपूर येतात, म्हणून हिरवळीच्या खतासाठी त्यांची निवड झाली.

वांगी कुल

आरंभी सांगितलेल्या मर रोगाकडे आता वळू. वांगे, टोमॅटो, बटाटा, मिरची व तंबाखू ही ह्या कुळाची पिके. पाच जोडलेल्या पाकळ्यांचे चांदणीसारखे वा कर्ण्यासारखे फूल व फळात अनेक चपट्या बिया ही लक्षणे. मर होण्याची कारणे अनेक असल्याने प्रथम खात्री करावी. हिरवेगार असतानाच सुकू लागलेल्या झाडाचे बुडाजवळचे खोड धारदार चाकूने कापावे व कापलेले टोक काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात बुडवून न हलविता धरावे. काही मिनिटांत दुधासारखी बारीक धार खाली उतरू लागली, तर रोग जिवाणूजन्य आहे. त्यावर फवारणीचे औषध नाही. त्या जागी भात, मका, ज्वारी अशी गवत कुळातील पिके घ्यावीत व पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वाहू देऊ नये.

इतके करूनही रोग पुन्हा आला, तर बांधाकडे पाहावे. काटेरिंगणी, कामोणी, रानपोपटी व धोतरा ही तणे ह्याच कुळातली आहेत. वाफ्यात मका उभा असला तरी कडेला कामोणी हिरवी असेल, तर रोगजंतूला आश्रय मिळू शकतो. फेरपालट पिकांची करावयाची तशी तणांचीही करावी लागते, ही गोष्ट आमच्या अनेक शिफारशींत स्पष्ट लिहिली जात नाही.

आणखी काही कुळे

कपाशी, भेंडी व अंबाडी ह्यांचे कुल एक. त्यांच्या फुलात पुंकेसरांची एकच नळी होऊन तिने स्त्रीकेसराला वेढलेले असते. ठिपक्यांची बोंडअळी भेंडीवर वाढते आणि कपाशीला पाते लागताच तिकडे वळते. कपाशीच्या कडेला भेंडी लावावयाची असेल तर तिची फळे वेळेवर तोडून किडकी नष्ट करण्याची तयारी हवी. काटेसावर पूर्वी निराळ्या कुळात होती. ती आता ह्याच कुळात आली आहे. कपाशीवरील लाल ढेकण्या सावरीच्या फळांवरही सुखाने राहतो. शास्त्रज्ञांना उशिरा उमगलेले नाते त्याला आधीपासून माहीत असावे.

काकडी, भोपळा, दोडका, कारले व कलिंगड ह्यांत नर व मादी फुले वेगळी असतात. आधी नरफुले येऊन गळतात, तेव्हा घाबरून संजीवके फवारू नयेत. कारल्याशेजारी लावल्याने काकडी कडू होते, हा समज निराधार आहे. ह्या दोन प्रजातींचा संकर होत नाही. काकडीतील कडवटपणा तिच्या अंगचाच असून उष्णता व पाण्याची ओढ बसली की तो वाढतो.

कोबी, फुलकोबी, मुळा व मोहरी ह्यांच्या फुलात चार पाकळ्या फुलीसारख्या मांडलेल्या असतात. ह्या कुळाचा विशिष्ट झणझणीत वास चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाला आकर्षून घेतो. म्हणून कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावण्याची शिफारस आहे; पतंग मोहरीवर अंडी घालतो व फवारा तेवढ्यावरच मारता येतो.

कलमे बांधणाऱ्यांना कुळाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. चिकूचे कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात, कारण दोन्ही एकाच प्रजातीतील आहेत. आंब्याच्या खुंटावर ते कधीच जगणार नाही. नारळ व सुपारी ह्या एकदल वृक्षांच्या खोडात साल व गाभा ह्यांमधील वाढीचा थर नसतो, त्यामुळे त्यांवर नेहमीच्या रीतीने कलम बांधता येत नाही. ह्यास्तव मातृवृक्षाची निवड हाच तेथे मुख्य मार्ग.

अनोळखी तण आढळल्यास

शेतात पूर्वी न पाहिलेले तण दिसल्यास ते फुलावर असताना मुळासकट उपटावे, माती झटकावी व जुन्या वर्तमानपत्राच्या घड्यांत पसरून वर वजन ठेवावे. पाऊस नसेल तर कागद एक दिवसाआड बदलावेत, पावसाळ्यात रोज. फूल व फळ दोन्ही असल्यास ओळख लवकर पटते. नुसत्या पानांवरून ती बहुधा पटत नाही. फुलाचा मूळ रंग, चीक निघतो किंवा नाही, तण कोणत्या पिकात व कोणत्या जमिनीत आढळले आणि गावात त्याला काय म्हणतात, हे चिठ्ठीवर लिहून नमुना जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे अथवा तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावा. तेथे निश्चिती न झाल्यास नमुना पुणे येथे १९५५ साली स्थापन झालेल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राकडे पाठविता येतो. उत्तर येईपर्यंत त्या तणाची उरलेली रोपे बी धरण्यापूर्वी काढून टाकावीत व उकिरड्यात न टाकता वाळवून जाळावीत.